पोरकीचा पाय

त्या उन्हाळ्यात विहिरीत बादली सोडली की पाण्याआधी दगडाचा आवाज यायचा. गावाजवळचं गवत संपलं आणि मेंढ्या खुरांनी मुळं उकरायला लागल्या, तेव्हा सावकाशनं कळप टेकडीपलीकडच्या उतारावर न्यायला सुरुवात केली. उजाडताच निघायचा तो दिवेलागणीला परत यायचा. सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बोलायला सावकाश, जेवायला सावकाश आणि रागवायला तर इतका सावकाश, की समोरचा माणूस शिव्या देऊन घरी जाऊन जेवून झोपला तरी याला राग यायचा असायचाच. गावानं नाव ठेवलं आणि ते अंगाला चिकटलं. त्याच्या बायकोला आपसूकच सगळे सावकाशीण म्हणू लागले. तिलाही एके काळी त्याचं हसू यायचं.

आता हसू येत नव्हतं, आणि रडूही नाही. गेल्या पावसाळ्यात लेक तापानं गेली. त्या दिवशी सावकाशिणीनं पाणी तापवलं, लेकीला न्हाऊ घातलं, केस विंचरले, आलेल्या बायकांना बसायला चटया दिल्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. ती खंबीर बिंबीर काही नव्हती. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. ती वाट बघत होती मुंग्या यायची. त्या आल्या नाहीत.

लेकीच्या मातीला आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तेव्हा सांगितलं होतं, की प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा लावतो. बाप आपल्याच लेकराला वळण लावतो, शेजाऱ्याच्या पोरावर कोण कशाला छडी उगारील? पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांचाच आवाज कापत होता. परत येताना सासू चिखलातून काठी टेकत म्हणाली, "एवढी माया नसती केली तरी चाललं असतं मला. थोडक्यात भागवलं असतं."

"आई," सावकाश म्हणाला.

"आई काय? मी त्याच्याशीच बोलतेय. तुझ्याशी नाही."

म्हातारीचं आणि देवाचं असं उघड भांडण होतं, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं. सावकाशिणीला भांडता येईना. लहानपणापासून तिला शास्त्रातली वचनं पाठ होती. एकीकडे तो म्हणतो, मीच घाव घालतो. दुसरीकडे म्हणतो, आई आपल्या अंगावरच्या पोराला विसरेल का, ती विसरली तरी मी विसरणार नाही. दोन्ही त्याच्याच तोंडचं. ती ही दोन वचनं मनात शेजारी शेजारी ठेवायची आणि ती दोन्ही तशीच पडून राहायची. मग ती उठून चुलीतली राख काढायची.

लेकीमागे राहिली ती पोरकी, तिचं कोकरू. ती जन्मली आणि तिची आई मेली, म्हणून सासूनं ठेवलेलं हे नाव. लेकीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. शाळेतून आली की दप्तर फेकायचं, उंबऱ्यात बसायचं आणि बाटली धरायची, हा तिचा रोजचा नेम. कोकराला आपण मेंढी आहोत हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता पोरकी चांगली अंगानं भरली होती, कळपाबरोबर चरायला जायची. पण ऊन कलायला लागलं, की चरता चरता मान वर करायची आणि सगळा कळप सोडून एकटी घराची वाट धरायची. टेकडी उतरून, ओढ्याचं कोरडं पात्र ओलांडून, कातडी कमावायच्या कारखान्याच्या मागून. तिथं मोकाट कुत्र्यांची टोळी पडलेली असायची. एकदा तिचा कान फाटला. एकदा मागच्या मांडीची लोकर उपटून निघाली. तरी ती यायची आणि उंबऱ्यासमोर उभी राहायची.

सावकाशीण तेव्हा उंबऱ्यातच चातीवर लोकर कातत बसलेली असायची. पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं आत जाऊन मूठभर दाणे आणले आणि तळहात पुढे केला. पोरकीच्या ओठांनी तळहात चाचपला, ऊबदार आणि ओला, आणि सावकाशिणीला कोपरापर्यंत काहीतरी जाणवलं. फार नाही, एवढंसंच. सगळ्या दिवसात तेवढंच जाणवायचं. मग ती रोजच दाणे काढून ठेवू लागली. पोरकीचं खाऊन झालं की तिला कुंपणात कोंडायची, आणि सावकाश घामाघूम होऊन शोधत आला की सांगायची, "आली आपली आपण."

"कोणाच्या ओढीनं येते कोण जाणे," तो म्हणायचा. "पोर तर आता नाही. काय मिळतं तिला इथं?"

सावकाशीण चाती फिरवत राहायची. सांगायला काही अवघड नव्हतं. मी देते, एवढे दोन शब्द. पण ते सांगितले असते तर त्यानं आपल्या सावकाश आवाजात 'नको देऊ' म्हटलं असतं आणि तिला ते ऐकावं लागलं असतं.

एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी मेंढपाळाची गोष्ट सांगितली. एक कोकरू सारखं भटकायचं. मेंढपाळानं शेवटी काय करावं? त्यानं त्या कोकराचा पाय स्वतःच्या हातानं मोडला. मग बांधला. मग बरा होईपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन फिरला, हातानं चारलं. पाय बरा झाला तेव्हा त्या कोकराला धन्याची अशी माया लागली होती, की ते पुन्हा कधी त्याला सोडून गेलं नाही. "घावही त्याचाच," पाळकसाहेब म्हणाले, "आणि खांदाही त्याचाच." पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. सावकाशिणीनं आपल्या हातांकडे बघितलं. नखांत लोकरीचं तेल होतं.

घरी येताना सावकाश वाटेवरचा खडा पायानं ढकलत चालला होता. मग म्हणाला, "करतात का गं असं?"

"मेंढपाळ तुम्ही. मला काय विचारता?"

"बाबांनी कधी केलं नाही. मी तर ऐकलंही नव्हतं. पण साहेब शिकलेले आहेत. कुठंतरी लिहिलेलं असेल."

"पुस्तकातल्या मेंढीचं बरं असतं," सासू म्हणाली. "या पानावर मोडला की पुढच्या पानावर जोडून मिळतो."

तो हसला नाही. विचार करत होता, आणि विचार करायलाही त्याला वेळ लागायचा.

त्याच आठवड्यात ते झालं. वारा पडला होता, ऊन डोक्यावर ठोकत होतं, मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या. पोरकी निसटलेली सावकाशला उशिरा दिसली. कळप तसाच सोडून तो टेकडी उतरला. ती कुठं दिसेना म्हणून माघारी आला, तर कुत्र्यांनी वरच्या अंगानं येऊन कळप फोडला होता. दोन गाभण मेंढ्या पडल्या होत्या. एक मेली होती, दुसरी अजून पाय झाडत होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यानं तिला सोडवलं. सुरी पालापाचोळ्याला पुसली. उरलेल्या मेंढ्या गोळा करून तो घराकडे निघाला, तेव्हा पोरकी ओढ्याच्या पात्रात एका झुडपाशी उभी होती, अंगाला काही न लागलेली. त्याला बघून तिनं शेपूट हलवली.

सावकाशिणीला हे सगळं नंतर कळलं. तिनं बघितलं ते एवढंच, की दाणे घेऊन ती उंबऱ्यात बसली होती, पोरकी आली नव्हती, आणि मग सावकाश आला तो तिला मानेवर घेऊन. दोन पाय या हातात, एक पाय त्या हातात. चौथा पाय पुढून लोंबत होता आणि त्याच्या चालण्याबरोबर नको तिकडे वळत होता.

"कुत्र्यांनी?" तिनं विचारलं.

"नाही. मी." त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "साहेबांनी सांगितलं तसं. दगडावर ठेवून."

तिच्या मुठीतले दाणे तिनं पदराआड नेले. ओरडावं असं तिला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. तिच्या कानाला फक्त एवढं कळलं, की पोरकी ओरडत नाहीये, दात वाजवतेय.

"कामट्या आणा," ती म्हणाली. "चपट्या. आणि पाणी."

त्यानं पोरकीला मांडीवर आडवं धरलं. सावकाशिणीनं हाडाची दोन टोकं बोटांनी शोधली. कातडीखाली ती एकमेकांवर घासली तेव्हा पोरकीनं सगळं अंग ताठ केलं आणि सावकाशनं डोळे मिटले. "धरा नीट," ती म्हणाली. तिनं खूर धरून पाय ओढला, टोकं समोरासमोर आणली, लोकरीची गादी केली, कामट्या लावल्या. बांधायला चिंधी पुरेना. सासू दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि खुंटीवरचा फ्रॉक घेऊन आली. पावसाळ्यापासून त्या फ्रॉकला कुणी हात लावला नव्हता.

"हा फाड," म्हातारी म्हणाली. "कुणासाठी सांभाळतेस? तिनंसुद्धा फाडायलाच दिला असता."

सावकाशिणीनं शिवण दातात धरून फ्रॉक फाडला. कापड विरलेलं होतं, लगेच फाटलं. निळ्या पट्ट्या तिनं एकावर एक घट्ट गुंडाळल्या आणि गाठ मारली. रात्री सासूनं ताटं वाढली. सावकाशनं ताट तसंच सरकवलं.

त्यानंतर तो रोज पोरकीला मानेवर घेऊन जायचा आणि मानेवर घेऊन यायचा. ती काही पिसाचं ओझं नव्हती. टेकडीच्या चढावर त्याचा श्वास फुलायचा, गुडघे लटपटायचे. ती त्याच्या पाठीवर मुतायची आणि उन्हात सदरा वाळून कडक व्हायचा. लोकरीनं आणि घामानं मानेवरची कातडी सोलली, तिथं लाल चट्टा पडला. गावातली माणसं पारावरून विचारायची, "काय रे सावकाश, मेंढी तुला चारते की तू मेंढीला?" तो नुसती मान हलवायचा, तीही जेवढी हलेल तेवढी. उतारावर तो तिच्यासाठी झुडपाखालचं कोवळं उपटून आणायचा, आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन पाजायचा. सावकाशीण त्याच्या मानेला तेल लावायची. दोघांमध्ये पोरकीचा विषय निघायचा नाही.

पाळकसाहेबांना हे कळलं तेव्हा ते घरी आले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. रविवारी पोरकीला घेऊन उपासनेला या, असं त्यांनी सांगितलं. सावकाशला नाही म्हणायला सुचेपर्यंत ते निघूनही गेले होते.

रविवारी तो पुढे उभा राहिला, धुतलेला सदरा, मानेवर पोरकी, पायाला निळ्या पट्ट्या. पोरांनी मागून खिदळायला सुरुवात केली. पोरकीनं फरशीवर लेंड्या टाकल्या आणि मोठी माणसंही हसली. पाळकसाहेब हसले, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "भाऊ, एकच सांगा. हा पाय मोडताना तुमच्या मनात काय होतं? माया होती ना?"

सावकाशनं पोरकीला मानेवर जरा सावरलं. सगळे थांबले, कारण त्याला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो," तो म्हणाला.

गाणं सुरू झालं. सगळे उभे राहिले. ती उभी राहिली, पण तिचे ओठ हलले नाहीत. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी तिला दाराशी गाठलं. "ताई, तुम्ही हल्ली गात नाही. मनात काही आहे का?"

"त्यानं तोंड फिरवलंय," ती म्हणाली. हवापाण्याविषयी बोलावं तशी.

"हं," ते म्हणाले. "शास्त्रातही लोक असंच म्हणतात. पुष्कळ वेळा म्हणतात." मग ते दाराची कडी उगाच लावून बघत राहिले.

कामट्या सोडल्या तेव्हा पाय जोडलेला होता, पण थोडा वाकडा. पोरकी तीन पायांवर जोर देऊन चालायची, चौथा नुसता टेकायची. सावकाशनं तिला प्रथमच जमिनीवर ठेवून कळपाबरोबर नेलं. त्या दिवशी सावकाशिणीनं सकाळीच दाणे निवडून ठेवले होते. ऊन कलायला लागल्यावर ती उंबऱ्यात येऊन बसली. चाती फिरत राहिली. वाटेवर धूळ होती, कारखान्याचा वास होता, दुसरं काही नव्हतं. सावली भिंतीवरून दारापर्यंत आली, दारातून आत गेली. दाणे तिच्या मुठीत घामानं ओले झाले. गोष्टीत सांगितलं होतं तसंच झालं होतं. पोरकी आता भटकत नव्हती.

संध्याकाळी सावकाश आला तेव्हा ती त्याच्या टाचेला लागूनच होती. तो थांबला की थांबायची, तो निघाला की निघायची. सासू म्हणाली, "झालं बाबा. सावली मिळाली तुला एक." सावकाशच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनी काहीतरी हललं, जवळजवळ हसूच. त्यानं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला.

पोरकी खाली बसली. दोन्ही गुडघे एकदम मोडून, मान जमिनीला लावून, डोळे मिटून.

त्यानं हात तसाच धरून ठेवला. मग हळूहळू खाली आणला. पोरकीनं एक डोळा उघडून हाताकडे बघितलं आणि मग उठली. सासू आत गेली.

"ती माझ्याकडे यायची," सावकाशीण म्हणाली. "दुपारची. मी दाणे द्यायचे. रोज. तुम्हाला सांगितलं नाही."

सावकाश दगडावर बसला. चट्ट्यावर माशी बसली होती, तीही त्यानं हाकलली नाही. कुंपणातल्या मेंढ्या निजायला लागल्या.

"मी खोटं बोललो तिथं," तो म्हणाला. "मोडला तेव्हा माझ्या हातात माया नव्हती. राग होता. त्या दोन मेंढ्यांचा होता आणि... सगळ्याचाच होता. इतक्या दिवसांचा. साहेबांची गोष्ट मला नंतर आठवली, पाय मोडून झाल्यावर. म्हटलं बरं झालं, नाव तरी मिळालं त्याला." त्यानं तळहात उलटे करून बघितले. "माया मागून आली. खांद्यावर ती थरथरायला लागली ना, तेव्हा."

सावकाशिणीनं त्याच्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांत तिनं त्याला असं बघितलं नव्हतं. गाल बसले होते, दाढी पांढरी व्हायला लागली होती.

"मग त्या वरच्याची?" तिनं विचारलं. "त्याचीही मागून येते का? आपली पोर थरथरली तेव्हा कुठं होती?"

"मला काय ठाऊक," सावकाश म्हणाला. "मला काय ठाऊक गं." आणि तो उठून पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सवयीनंच उंबऱ्यात बसली होती. दाणे काढायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी ते मुठीत होते. वाटेवर धूळ उठली, आणि त्या धुळीतून सगळा कळपच आला. भर उन्हात, अर्धी चराई सोडून, सावकाश मेंढ्या घेऊन घरी आला होता. मेंढ्या नवल वाटून ओरडत होत्या. चिंचेच्या वळणावर त्यानं त्यांना थांबवलं आणि एकटी पोरकी पुढे ढकलली.

"जा," तो म्हणाला. "जा बघू."

पोरकी त्याच्या पायाशीच राहिली. सावकाशिणीनं तळहात पुढे केला, जीभ टाळ्याला लावून, लेक तिला बोलवायची तसा आवाज काढला. पोरकीचे कान हलले, पण तिनं वर सावकाशच्या तोंडाकडे बघितलं आणि जागची हलली नाही. त्यानं काठी झुडपात टाकली. हात मागे बांधले. तरी ती त्याच्याकडेच बघत होती.

मग त्यानं पाठ फिरवली.

तो तिकडे तोंड करून उभा राहिला, रिकाम्या वाटेकडे. मानेवरचा लाल चट्टा इतक्या लांबूनही दिसत होता. पोरकीनं थोडा वेळ त्या पाठीकडे बघितलं. एक पाऊल टाकलं, थांबली, पुन्हा पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. तेव्हा ती लंगडत उंबऱ्याकडे निघाली.

ओठ तळहाताला लागले. सावकाशिणीच्या बोटांपासून मुंग्या निघाल्या, त्या कोपरापर्यंत आल्या, खांद्यापर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या नाहीत. फार दुखलं. बधिर पायात रक्त परत येताना दुखतं तसंच, आणि सगळीकडे. ती पोरकीच्या फाटक्या कानात तोंड खुपसून मोठ्यानं रडली, आतून सासू धावत येईपर्यंत.

वळणावरची पाठ तशीच उभी होती. रडणं तिथवर पोचत होतं, कारण खांदे हलत होते. पण पोरकीचे दाणे अजून संपायचे होते, आणि तो वळत नव्हता.

"वळा आता," सावकाशीण हुंदके देत ओरडली. "अहो, वळा आता. खाल्ले तिनं."